माळेतले हरवलेले ८३ मणी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

'कर्करोग' आणि 'आपोआप बरा झाला' हे शब्द एका वाक्यात आले, की डॉक्टर मंडळी सावध होतात. आता पाठोपाठ कुठल्या तरी जडीबुटीची जाहिरात येणार, अशी शंका त्यांच्या मनात येते आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. पण आज ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे, तो खरोखरच तसा आहे. दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो रक्ताच्या कर्करोगासारखाच दिसतो. अपक्व पेशींची नुसती गर्दी. बाळाचे वय आणि इतर माहिती न सांगता ती काचपट्टी एखाद्या अनुभवी तज्ज्ञापुढे ठेवली, तर तो बिनदिक्कत 'ल्युकेमिया' असे लिहून देईल. आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच बाळाचे रक्त पुन्हा तपासले, तर बहुतेक वेळा ते स्वच्छ असते. औषधाचा एक थेंबही न देता!

हे घडते ते डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये. साधारण ७०० ते १,००० जन्मांमागे एक बाळ डाऊन सिंड्रोम घेऊन येते. आपल्या देशात दर वर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात, म्हणजे अशा बाळांची संख्या वीस हजारांच्या पुढे जाते. त्यांच्यापैकी दहात एकाच्या आसपास बाळांच्या रक्तात जन्मतः अशा अपक्व पेशी दिसतात. वर्षाला दोन हजारांच्या घरात. म्हणजे ही काही वैद्यकाच्या पुस्तकातल्या तळटीपेत शोभणारी दुर्मिळ गोष्ट नव्हे. तरीही तिचे नाव किती जणांनी ऐकलेले असते? नाव आहे 'ट्रान्झिएंट अबनॉर्मल मायलोपोएसिस'. आपण तिला 'तात्पुरता ल्युकेमिया' म्हणू.

हा तात्पुरता पाहुणा गेला, की सगळे संपले असे मात्र नाही. ज्या बाळांना तो होऊन गेला, त्यांच्यातली शंभरात वीस ते तीस बाळे पुढे चार वर्षांच्या आत खऱ्याखुऱ्या रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडतात. तो मात्र आपोआप जात नाही. मग बाकीची सत्तर-ऐंशी बाळे का सुटतात आणि ही वीस-तीस का अडकतात? या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञ एका प्रथिनापाशी येऊन पोहोचले. त्याचे नाव गाटा-१.

हे नाव ऐकायला चमत्कारिक आहे, पण त्यामागचे कारण सोपे आहे. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाची लांबच लांब पोथी असते आणि ती ए, टी, जी, सी अशा चारच अक्षरांत लिहिलेली असते. या पोथीत जिथे जी, ए, टी, ए ही अक्षरे ओळीने येतात, अशा विशिष्ट जागा शोधून हे प्रथिन तिथे जाऊन बसते. म्हणून ते 'गाटा'. जाऊन बसल्यावर ते काय करते? शेजारचे जनुक चालू करते किंवा बंद करते. थोडक्यात, ते मुकादम आहे. स्वतः वीट उचलत नाही, पण कोणी उचलायची आणि कोणी थांबायचे, हे ठरवते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते सापडले, तेव्हा तांबड्या पेशी घडवणारा मुकादम अशी त्याची ओळख झाली. नंतर कळले, की प्लेटलेट्सच्या कारखान्यावरही त्याचीच देखरेख असते.

प्लेटलेट्स हा शब्द डेंग्यूच्या कृपेने आता घराघरांत पोहोचला आहे. पण त्या बनतात कशा, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अगडबंब पेशी असतात. त्या पुरत्या पक्व झाल्या, की आपल्याच अंगाचे लहान लहान तुकडे करून रक्तात सोडतात. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट्स. आता एखादी पेशी पक्व व्हायची असेल, तर तिला आधी एक गोष्ट करावी लागते. स्वतःच्या प्रती काढणे थांबवावे लागते. वाढ आणि पक्वता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. गाटा-१ या पेशींना दोन हुकूम देते. पहिला 'अमुक बना' आणि दुसरा 'आता वाढणे पुरे'. गिरणगावात जुन्या काळी भोंगा व्हायचा तो पाळी सुरू करायलाही आणि संपवायलाही. तसेच हे.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. गाटा-१ ही ४१३ मण्यांची माळ आहे. शरीरात ती विणली जाते तेव्हा पेशीतले यंत्र निरोपातली 'इथून सुरू करा' ही खूण शोधते आणि तिथून एकेक मणी ओवत जाते. तात्पुरत्या ल्युकेमियाच्या पेशींमध्ये गाटा-१च्या जनुकात सुरुवातीच्या भागातच चूक झालेली असते. कधी एखादे अक्षर गळलेले असते, कधी चार अक्षरे जास्तीची घुसलेली असतात. परिणाम असा, की विणकाम सुरू होते न होते तोच 'थांबा' अशी चुकीची खूण येते आणि माळ अर्धवट तुटते. आता खरे तर इथे प्रथिन संपायला हवे होते. तसे झाले असते तर ती पेशी बहुधा निकामी झाली असती आणि प्रश्न तिथेच मिटला असता. पण या निरोपात ८४व्या मण्यापाशी 'इथून सुरू करा' अशीच आणखी एक खूण असते. पेशीतले यंत्र ती उचलते आणि तिथून शेवटपर्यंत माळ विणते. पहिले ८३ मणी नसलेले, आखूड गाटा-१ तयार होते.

हे आखूड प्रथिन अजिबात कुचकामी नाही, आणि तीच तर अडचण आहे. डीएनएवर जाऊन बसायचा भाग त्याच्यात शाबूत असतो. ते आपल्या जागा बरोबर शोधते. पण 'वाढणे पुरे' हा हुकूम बजावायला जे टोक लागते, ते नेमके त्या हरवलेल्या ८३ मण्यांत असते. पाळी सुरू करणारा भोंगा होतो, संपवणारा होतच नाही. मेगाकॅरिओसाइट व्हायला निघालेल्या पेशी अर्ध्या वाटेवर थांबतात आणि आपल्याच प्रती काढत राहतात.

ही गोष्ट २००२ साली उजेडात आली. शिकागो विद्यापीठातले जॉन क्रिस्पिनो आणि त्यांचे सहकारी यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आणि मेगाकॅरिओसाइट जातीचा ल्युकेमिया झालेल्या सहा मुलांच्या पेशी तपासल्या. सहाच्या सहांमध्ये गाटा-१मध्ये चूक सापडली. डाऊन सिंड्रोम नसलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये मात्र ती नव्हती. कर्करोगाच्या संशोधनात 'सहापैकी सहा' असे उत्तर क्वचित मिळते. तिथे 'शंभरात बारा', 'शंभरात वीस' अशा आकड्यांवर समाधान मानावे लागते. पुढच्याच वर्षी निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी तात्पुरत्या ल्युकेमियाच्या बाळांमध्येही हीच चूक असल्याचे दाखवले. नंतर नवजात बाळांच्या टाचेतून घेऊन कागदावर सुकवून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांतही ती सापडली. म्हणजे चूक जन्मापूर्वीच, आईच्या पोटात असतानाच झालेली असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात अधिक बारकाईची तपासणी वापरली, तेव्हा डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या जवळजवळ तीस नवजातांमध्ये ही चूक आढळली. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत बाहेरून काहीच दिसत नव्हते.

इथे एक शंका येणे साहजिक आहे. आपल्या पेशींत बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. मग एकाच चुकीने एवढा घोटाळा कसा? उत्तर असे, की गाटा-१चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्यात एक्स एकच. मुलीत दोन असले, तरी प्रत्येक पेशीत त्यातले एक झोपवलेले असते. त्यामुळे चालू प्रत एकच, आणि तिच्यात चूक झाली की तारणारे कोणी नाही.

मग डाऊन सिंड्रोमचा यात संबंध काय? डाऊन सिंड्रोम म्हणजे २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची दोनऐवजी तीन प्रती असणे. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन केले. मात्र त्यासाठी त्यांनी मंगोल वंशाशी तुलना केली आणि तो अपमानकारक शब्द शंभर वर्षे चिकटून बसला. मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये तो सोडून दिला. आपल्याकडे अजूनही एखाद्या जुन्या केसपेपरवर तो दिसतो, हे बरे नव्हे. जादा गुणसूत्राचा शोध १९५९चा, पॅरिसमधला. त्याचे श्रेय जेरोम लेज्यून यांना मिळाले. ज्यांनी पेशी वाढवून ती गुणसूत्रे दिसतील अशी सोय केली, त्या डॉ. मार्थ गोतिए यांचे नाव मात्र बराच काळ मागेच राहिले. असो.

गर्भात असताना बाळाचे रक्त अस्थिमज्जेत नव्हे, तर मुख्यतः यकृतात तयार होते. २१ क्रमांकाची तिसरी प्रत असली, की या गर्भाच्या यकृतात मेगाकॅरिओसाइटच्या वाटेला लागलेल्या पेशी आधीच जास्त असतात. गाटा-१मध्ये काही बिघडण्यापूर्वीच. म्हणजे जमीन आधीच ओली असते. गाटा-१ची चूक हे तिच्यात पडलेले बी. जमीन कोरडी असेल तर हेच बी उगवत नाही, याचा पुरावाही आहे. ब्राझीलमधल्या एका कुटुंबात हीच चूक पिढीजात असल्याचे २००६ मध्ये नोंदवले गेले. त्या घरातल्या पुरुषांना डाऊन सिंड्रोम नव्हता, पण त्यांच्या प्रत्येक पेशीत आखूड गाटा-१ होते. त्यांना रक्तक्षय होता, पांढऱ्या पेशीही कमी होत्या, पण ल्युकेमिया नव्हता.

आता मूळ कोड्याकडे येऊ. हा आजार आपोआप जातो का? याचे उत्तर शोधायला बोस्टनमधल्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांची मदत घेतली. त्यांनी आखूड गाटा-१ असलेले उंदीर तयार केले आणि २००५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या उंदरांच्या गर्भात, यकृतातल्या एका विशिष्ट जातीच्या पेशी भराभर वाढत होत्या. पण उंदीर मोठे झाल्यावर तेच आखूड प्रथिन त्यांच्या अस्थिमज्जेत असूनही काही बिघडत नव्हते. म्हणजे या प्रथिनाचा त्रास फक्त गर्भावस्थेतल्या पेशींना होतो. जन्माच्या सुमारास रक्त तयार करण्याचे काम यकृताकडून अस्थिमज्जेकडे जाते, ती गर्भातली पेशींची पिढी मागे पडते आणि तिच्याबरोबर तात्पुरता ल्युकेमियाही ओसरतो. पाया गेला की वरचा मजला उभा राहत नाही.

पण कधी कधी त्या पिढीतली एखादी पेशी मागे रेंगाळते. पुढच्या काही महिन्यांत तिच्यात आणखी एखादी चूक झाली, की ती कायमची बंडखोर बनते. जपानमधल्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की तात्पुरत्या अवस्थेत गाटा-१खेरीज फारशा दुसऱ्या चुका नसतात, तर पुढच्या खऱ्या ल्युकेमियात निम्म्याच्या आसपास मुलांत कोहेसिन या प्रथिनसमूहातली चूक भर घालते. कोहेसिन हे डीएनएचे धागे एकत्र बांधून ठेवणारे कडे आहे. तीन पायऱ्या झाल्या. गुणसूत्राची जादा प्रत, आखूड गाटा-१ आणि मग तिसरी चूक. कर्करोग एका दिवसात 'होत' नाही, तो पायऱ्या चढत येतो, हे आपण नेहमी ऐकतो. पण त्या पायऱ्या एकामागून एक अशा दिसाव्यात, तेही जन्माआधीपासून, हे या आजारातच शक्य झाले आहे. म्हणून जगभरचे संशोधक त्याच्याकडे एवढ्या कुतूहलाने पाहतात.

संशोधकांचे कुतूहल बाजूला ठेवून आता आईबापांकडे वळतो. बाळाला डाऊन सिंड्रोम आहे हे कळून दोन दिवस झालेले नसतात, आणि रक्ताचा अहवाल येतो. त्यावर 'ब्लास्ट' असा शब्द. घरातली मोठी माणसे विचारू लागतात, ग्रहणात भाजी चिरली होती का, पपई खाल्ली होती का. यात सूनबाईचा काय दोष? गाटा-१ची ही चूक आईकडून आलेली नसते आणि वडिलांकडूनही नसते. ती गर्भातल्या एका रक्तपेशीत, अक्षरे उतरवून घेताना झालेली असते. बाळाच्या त्वचेत, मेंदूत ती नसते. ती पुढच्या बाळात जात नाही. डाऊन सिंड्रोमचेही बहुतेक वेळा असेच. बीजांड तयार होताना गुणसूत्रे वेगळी व्हायची राहतात. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते हे खरे, पण त्याचा ग्रहणाशी संबंध नाही. शंभरात तीन-चार बाळांमध्ये गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, तेवढ्यांच्या आईवडिलांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न येतो उपचारांचा. इथे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. ल्युकेमिया म्हणून घाईने जालीम औषधे सुरू केली, तर जे आपोआप जाणार होते त्यासाठी नाजूक बाळाला विनाकारण शिक्षा होते. उलट 'आपोआप जाते' एवढेच ऐकून निर्धास्त राहिले, तर तेही चालत नाही. काही बाळांत पांढऱ्या पेशींची संख्या लाखावर जाते, यकृत वाढते आणि कठीण होते, अंगाला सूज येते, कावीळ उतरत नाही. अशा बाळांचा जीव जाऊ शकतो. त्यांना सायटाराबिन हे औषध अगदी कमी मात्रेत दिले जाते. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे मुलांच्या रक्तविकारांच्या तज्ज्ञानेच ठरवावे.

या सायटाराबिनची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचे मूळ आहे कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात! १९५०च्या सुमारास वेर्नर बर्गमन या रसायनतज्ज्ञाला त्या स्पंजात काही वेगळी संयुगे सापडली. डीएनएच्या अक्षरांसारखी दिसणारी, पण साखरेचा भाग वेगळा असलेली. त्यांच्याच धर्तीवर पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झाले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पेशी ते अक्षर समजून उचलते आणि तिची नक्कल तिथेच अडकते.

एक काळ असा होता, की डाऊन सिंड्रोमच्या मुलांना ल्युकेमिया झाला तर पूर्ण उपचारच दिले जात नसत. 'आधीच असे मूल, त्यात हा आजार' हा विचार फक्त घरातच नव्हता, रुग्णालयांतही होता. १९९२ मध्ये डेट्रॉइटमधले भारतीय वंशाचे डॉक्टर यद्दनपुडी रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी आकडे पुढे ठेवले. मायलॉइड ल्युकेमियात ही मुले इतर मुलांपेक्षा वाईट नव्हे, कितीतरी चांगली बरी होत होती! त्याचे कारण पुढे डेट्रॉइटच्याच डॉक्टरांनी उलगडले, आणि त्यातही आपला गाटा-१ आहेच. सायटाराबिन पेशीत गेले, की त्याची विल्हेवाट लावणारे एक विकर असते. ते बनवण्याचा हुकूम गाटा-१ देते. आखूड गाटा-१ला तो नीट देता येत नाही. त्यामुळे औषध पेशीत जास्त वेळ टिकते आणि आपले काम करते. ज्या उणिवेने रोग आणला, तीच त्याच्या उपचाराची बाजूही भक्कम करते. शिवाय २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचीही यात मदत होते. आज या मुलांना मुद्दाम सौम्य केलेली औषधयोजना दिली जाते, कारण जंतुसंसर्ग आणि हृदयावरचे दुष्परिणाम त्यांना जास्त सतावतात. युरोप-अमेरिकेतल्या अलीकडच्या अभ्यासांत दहापैकी जवळजवळ नऊ मुले वाचतात. मात्र हा आजार उलटला, तर परिस्थिती अवघड होते. लिम्फोब्लास्टिक जातीचा ल्युकेमियाही या मुलांना होऊ शकतो. तो वेगळा आजार आहे, त्यात गाटा-१चा हात नसतो आणि हे आकडे त्याला लावू नयेत.

आपल्याकडे सरकारने २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या आजारांसाठी मुलांची तपासणी सुरू केली, त्यांत डाऊन सिंड्रोम आहे. पण बाळ ओळखले गेले, की सगळ्यांचे लक्ष हृदयाकडे जाते. तेही योग्यच, कारण यांतल्या निम्म्याच्या आसपास बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. रक्ताचे मात्र राहून जाते. वास्तविक यासाठी लागते काय? पहिल्या दोन-तीन दिवसांत एक साधी रक्ततपासणी आणि काचपट्टीवर पाहिलेला रक्ताचा थर. गाटा-१ची जनुकीय तपासणी मोठ्या शहरातच होईल, पण काचपट्टी पाहणारे डोळे तालुक्याच्या गावीही असतात. यंत्रातून आलेल्या आकड्यांवर विसंबू नये, कारण यंत्र कधी कधी या अपक्व पेशींना दुसऱ्याच पांढऱ्या पेशी समजून मोजते.

तात्पुरता ल्युकेमिया होऊन गेला असेल, तर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढे चौथा वाढदिवस होईपर्यंत सहा महिन्यांनी रक्त तपासावे. खरा आजार येतो तो बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षात, आणि दबक्या पावलांनी. आधी फक्त प्लेटलेट्स हळूहळू उतरत जातात. मूल खेळत असते, जेवत असते. अंगावर निळे डाग दिसले, हिरड्यांतून रक्त आले, मूल पांढरे पडले, ताप हटेना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. गाव बदलते, डॉक्टर बदलतात, फायली हरवतात. तेव्हा लसीकरणाच्या कार्डावरच, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत लिहून ठेवावे: 'जन्मानंतर रक्तात ब्लास्ट पेशी होत्या.' पुढे कुठल्याही डॉक्टरकडे खोकल्या-तापासाठी नेले, तरी ते कार्ड आधी पुढे करावे.